‘निकटवर्तीय’ छापण्याआधी

संपादक महोदय,

राज्यातल्या एखाद्या गाजलेल्या गुन्ह्यात कोणाला अटक झाली, की तासाभरात मंत्र्यांसोबतचे त्याचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. दुसऱ्या दिवशी मथळ्यात ‘अमक्याचा निकटवर्तीय’ असे छापून येते. हे नाते खरे असेल तर त्याचा माग कागदावर सापडतो, आणि त्यातले बरेच कागद कोणालाही पाहता येतात.

आधी फोटो. व्हॉट्सॲपवरून फोटो पुढे जाताना तो कधी, कशाने काढला ही माहिती साधारणपणे गळून पडते. म्हणून इंटरनेटवर तोच फोटो आधी कुठे आला होता ते शोधावे. मागच्या बॅनरवरचे वर्ष आणि नेत्याचे तेव्हाचे पद वाचावे. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी जुलै २०२३ मध्ये. त्याआधीच्या फोटोवरून आजच्या गटाशी नाते जोडले की चूक ठरलेलीच. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नेत्याचा चेहरा लावताना तर कोणी नेत्याला विचारायलाही जात नाही.

व्यवहाराचे नाते वेगळे. उमेदवाराच्या नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्रात प्रलंबित गुन्हे, घेतलेली कर्जे, दुसऱ्यांना दिलेली उसनवारी आणि सरकारी कंत्राटे नमूद करावी लागतात. हे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते. कंपनीत दोघे एकत्र होते का, हे कंपनी निबंधकांकडच्या नोंदींत दिसते. मात्र नियुक्तीची आणि राजीनाम्याची तारीख दोन्ही पाहाव्यात. जमिनीसाठी नुसता सातबारा पुरत नाही. जमीन कोणाकडून, कशी आली हे फेरफार सांगतो आणि खरेदीखताची रक्कम दस्त नोंदणीच्या सूची क्रमांक दोनमध्ये मिळते. इथे सर्वात मोठा धोका नावसाधर्म्याचा. नाव आणि आडनाव जुळले म्हणजे माणूस तोच असे नाही. वडिलांचे नाव, वय, पत्ता आणि संचालक असल्यास त्याचा आठ अंकी ओळख क्रमांक जुळवल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

पोलिसांच्या कागदांत तर फार गल्लत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार, लैंगिक गुन्हे किंवा दहशतवादासारखी संवेदनशील प्रकरणे सोडली तर एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर यायला हवा. तो मुळातून वाचावा. आरोपपत्र असे सर्रास उपलब्ध नसते, म्हणून ‘आरोपपत्रात नेत्याचे नाव’ ही बातमी ऐकीव माहितीवर चालते. नाव आरोपी म्हणून आहे, साक्षीदार म्हणून आहे, की कोणाच्या जबाबात नुसता उल्लेख आहे? या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सहीसुद्धा नसते. पोलिसांपुढची कबुली साधारणपणे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेल्या जबाबाचे वजन निराळे. ‘तपासात उघड झाले’ असे लिहिताना यातले नेमके काय हाती आहे ते सांगितलेच पाहिजे.

सीडीआरचे, म्हणजे मोबाइल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींचेही तसेच. कॉल झाला, किती सेकंद चालला आणि मोबाइल कोणत्या टॉवरच्या टप्प्यात होता, एवढेच त्यातून कळते. बोलणे काय झाले ते कळत नाही. नेत्याचा फोन पुष्कळदा स्वीय सहायकाकडे असतो, हेही विसरू नये.

‘मी त्याला ओळखतही नाही’ हा नेत्याचा खुलासासुद्धा याच कागदांवर घासून पाहावा. आज तो जसाच्या तसा छापला जातो, याचा जास्त संताप येतो.

आपल्याकडून दोन अपेक्षा आहेत. प्रत्येक फोटोखाली तो कधीचा आणि कुठला हे छापावे. तारीख कळली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. आणि ‘निकटवर्तीय’ऐवजी नाते लिहावे : अमुक वर्षापासून अमुक कंपनीत दोघे संचालक, किंवा अमुक निवडणुकीत उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी.

– एक वाचक