लुसिया हॅरिस यांची ओळख एका ओळीपुरती नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या बास्केटबॉलपटू लुसिया हॅरिस यांचे नाव आपल्याकडील क्रीडालेखनात क्वचित येते, आणि येते तेव्हा ‘पुरुषांच्या एनबीएमधील संघाने निवडलेली महिला’ एवढ्या एका ओळीवर त्यांची बोळवण होते. ही ओळ खोटी नाही. न्यू ऑर्लिन्स जॅझ या संघाने १९७७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या व्यावसायिक स्पर्धेतील संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, सातव्या फेरीत, एकूण १३७ व्या क्रमांकावर त्यांची निवड केली होती. १९६९ मध्ये डेनिस लाँग यांची अशीच झालेली निवड रद्द ठरवण्यात आली होती. हॅरिस यांची मात्र ग्राह्य राहिली. तरीही ज्या घटनेत त्या एक मिनिटदेखील खेळल्या नाहीत, त्याच घटनेने त्यांची आठवण ठेवावी आणि ज्या मैदानावर त्यांनी चार वर्षे निर्विवाद सत्ता गाजवली त्याचा उल्लेखही होऊ नये, हे मला अन्यायाचे वाटते. म्हणून हा पत्रप्रपंच.

हॅरिस यांचा जन्म १० फेब्रुवारी १९५५ रोजी मिसिसिपी राज्यातील मिंटर सिटी येथे, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. अकरा भावंडांत त्या दहाव्या. कापसाच्या शेतात राबणाऱ्या या घरातील मुलगी रात्री उशिरा दूरचित्रवाणीवर एनबीएमधील नामवंत खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन यांचा खेळ पाहत असे आणि त्यांच्यासारखे खेळण्याचे स्वप्न रंगवत असे. उंची पुढे सहा फूट तीन इंचांपर्यंत गेली. शाळेत असतानाच त्यांचा खेळ नजरेत भरू लागला होता. परंतु शाळेनंतर खेळायचे कुठे, हा प्रश्न त्या काळातील इतर मुलींप्रमाणे त्यांच्यासमोरही होता. ज्या अल्कॉर्न स्टेट विद्यापीठात जाण्याचा त्यांचा विचार होता, तिथे महिलांचा संघच नव्हता.

या प्रश्नाचे उत्तर मिसिसिपीतीलच क्लीव्हलँड गावच्या डेल्टा स्टेट विद्यापीठात मिळाले, आणि त्यामागची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हा खेळ स्त्रियांना झेपणार नाही, असे कारण देऊन तेथील महिला संघ १९३२ मध्ये बरखास्त करण्यात आला होता. त्या बरखास्त संघातील एक खेळाडू होत्या मार्गारेट वेड. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा संघीय कायदा १९७२ मध्ये आला, पुढच्याच वर्षी डेल्टा स्टेटने चार दशकांनंतर महिला संघ पुन्हा उभा केला आणि प्रशिक्षक म्हणून साठी गाठलेल्या वेडबाईंनाच बोलावून घेतले. ज्यांचा खेळ ऐन भरात थांबवला गेला त्या प्रशिक्षिका आणि जिला आजवर संघच मिळत नव्हता ती खेळाडू एकत्र आल्या. संघातील एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या हॅरिस यांच्याभोवतीच वेडबाईंनी सारा खेळ बांधला.

त्याचे फळ विलक्षण होते. १९७५, १९७६ आणि १९७७ अशी सलग तीन वर्षे डेल्टा स्टेटने महाविद्यालयीन संघांचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. त्यांतील पहिल्या वर्षी २८ पैकी २८ सामने जिंकून, आणि अंतिम फेरीत त्याआधी तीनदा विजेत्या ठरलेल्या इमॅक्युलाटा संघाला ९०-८१ असे नमवून. विजयांची अखंड मालिका पुढे ५१ सामन्यांपर्यंत लांबली. हॅरिस यांनी ११५ सामन्यांत २,९८१ गुण आणि १,६६२ रिबाउंड (नेम हुकून उसळलेला चेंडू ताब्यात घेणे) मिळवले, म्हणजे सामन्यामागे सरासरी जवळपास २६ गुण आणि साडेचौदा रिबाउंड. हॅरिस यांना चेंडू बास्केटखाली मिळणार हे प्रतिस्पर्ध्यांना आधीच माहीत असताना, दोन-तीन जणींच्या घेऱ्यात सापडूनही ही सरासरी चार वर्षे टिकवणे किती अवघड, हे सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळच्या जागी खेळलेल्या कोणालाही विचारावे.

महिला बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये समावेश होण्यासाठी १९७६ साल उजाडावे लागले. पुरुषांची स्पर्धा १९३६ पासून होत होती. माँट्रियल येथे १९ जुलै रोजी जपानविरुद्धच्या सामन्यात हॅरिस यांनी टाकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला आणि ऑलिंपिकच्या इतिहासातील महिला बास्केटबॉलचे पहिले गुण त्यांच्या नावावर जमा झाले. तो सामना अमेरिकेने गमावला, हेही सांगितले पाहिजे. मात्र पुढे सोव्हिएत संघापाठोपाठ या संघाने रौप्यपदक मिळवले. पुढे ज्यांची गणना थोर प्रशिक्षकांत झाली त्या पॅट समिट याच संघात हॅरिस यांच्या सहकारी होत्या.

आणि मग काय? वय अवघे २२, हाती तीन राष्ट्रीय विजेतेपदे आणि ऑलिंपिक पदक, पण अमेरिकेत महिलांची व्यावसायिक स्पर्धाच अस्तित्वात नव्हती. जॅझ संघाचे बोलावणे आले ते या पोकळीत. त्यांनी ते नाकारले. आपल्या निवडीमागे प्रसिद्धीचा हेतू असावा असे त्यांना वाटले, पुरुषांशी बरोबरी साधता येईल असा भरवसा त्यांना नव्हता आणि त्या वेळी त्या गरोदरही होत्या. हा नकार अनेकांनी संधी दवडल्याच्या सुरात सांगितला आहे. मला तो सूर मान्य नाही. त्यांना हवी होती ती पुरुषांच्या संघातील सातव्या फेरीची जागा नव्हे. स्त्रियांशी खेळण्यासाठी एक स्थिर स्पर्धा त्यांना मिळायला हवी होती. अशी स्पर्धा १९७८ मध्ये सुरू झाली खरी, आणि १९७९-८० च्या हंगामात हॅरिस ह्यूस्टन एंजल्स संघाकडून खेळल्याही, परंतु १९८१ मध्ये ती बंद पडली. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेचे सामने सुरू झाले १९९७ मध्ये. तोवर हॅरिस चाळिशी ओलांडून गेल्या होत्या. मधल्या वर्षांत त्यांनी विद्यापीठात नोकरी केली, प्रशिक्षक म्हणून काम केले, मिसिसिपीत परतून शाळेत शिकवले, चार मुले वाढवली आणि बायपोलर विकाराशी झुंज दिली. या आजाराविषयी त्या मोकळेपणाने बोलल्या, हे मला त्यांच्या पदकांइतकेच मोलाचे वाटते.

त्यांच्या विस्मरणाचे एक कारण नोंदवहीतच दडलेले आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. हॅरिस ज्या संघटनेच्या स्पर्धांत खेळल्या ती महिलांच्या महाविद्यालयीन खेळांची संघटना एआयएडब्ल्यू १९८० च्या दशकाच्या आरंभी संपुष्टात आली. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या मुख्य संघटनेने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली. मात्र तिच्या अधिकृत विक्रमांत त्याआधीच्या संघटनेतील कामगिरी धरली जात नाही. २०२४ मध्ये महाविद्यालयीन खेळाडू केटलिन क्लार्क यांनी एनसीएएचा महिलांचा गुणांचा विक्रम मोडला तेव्हा एआयएडब्ल्यूच्या काळात खेळलेल्या लिनेट वुडर्ड यांच्या ३,६४९ गुणांचे काय, हा प्रश्न त्यामुळेच उभा राहिला. एका अख्ख्या पिढीचा खेळ असा नोंदीबाहेर राहिला, तर वाचकांपर्यंत तो पोहोचणार कसा?

सन्मान अगदीच लाभले नाहीत असे नाही. १९९२ मध्ये नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेम या बास्केटबॉलमधील थोरांच्या सन्मानदालनात नेरा व्हाइट यांच्यासह त्यांचा समावेश झाला; खेळाडू म्हणून तिथे स्थान मिळवणाऱ्या या पहिल्या दोन महिला. त्या सोहळ्यात हॅरिस यांच्या सोबतीला उभे होते ते त्यांच्या बालपणीचे दैवत, ऑस्कर रॉबर्टसन. १८ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी हॅरिस यांचे निधन झाले. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी त्यांच्यावरील लघुमाहितीपटाला ऑस्कर मिळाले आणि जगभर त्यांचे नाव झाले. ते पाहायला मात्र त्या नव्हत्या.

आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर महिला बास्केटबॉलविषयी पुढे कधी लिहिले जाईल, तेव्हा हॅरिस यांच्या नावापुढे १३७ या आकड्याआधी २,९८१ हा आकडा छापला जावा, एवढीच विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक