शेवटची फेरी सुटल्यावरचे बेट

डिचोली, गोवा

चि. सौ. केतकी हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन येऊन गेल्यापासून मी आणि तुझे बाबा तुझ्याच प्रश्नाचा विचार करीत आहोत. मार्चअखेरची बँकेतली धावपळ संपली, की एप्रिलच्या मध्यावर तुला आणि निखिलरावांना आठ दिवसांची रजा मिळणार आहे. ती एखाद्या बेटावर शांतपणे घालवावी असे तुम्ही ठरवले आहे, आणि बाली, मॉरिशस, मालदीव, लक्षद्वीप व अंदमान या पाच नावांपैकी कोणते निवडावे, हे तू मला विचारले आहेस. फोनवर मी घाईने काहीतरी सांगितले, परंतु तुझा आवाज इतका थकलेला होता, की त्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे माहेर चोडणचे, हे तुला ठाऊक आहे. पण बेटावर राहणे म्हणजे काय, हे मी तुला कधी नीट सांगितले नाही. रायबंदरहून मांडवी ओलांडून फेरी येई, माणसे उतरत, दिवसभर जा-ये चाले, आणि संध्याकाळी आलेले पाहुणे फेरी चुकू नये म्हणून धक्क्याकडे घाईने चालू लागत. शेवटची फेरी सुटली, की तिच्या यंत्राचा आवाज नदीवर हळूहळू विरत जाई, आणि तो पुरता थांबल्यावर मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून खाजनात, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीत, शिरणाऱ्या भरतीच्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागे. दिवसभर तो आवाज तिथेच असे, पण ऐकू येत नसे. आता कोणी येणार नाही आणि आपल्यालाही कुठे जायचे नाही, हे एकदा मनाने मान्य केले, की माझी आई अंगणात पाय सैल सोडून बसे. तुला हवी असलेली विश्रांती ही आहे, असे मला वाटते. तेव्हा फोटोंतले पाणी किती निळे आहे यापेक्षा, शेवटची फेरी सुटल्यानंतर तुम्ही दोघे त्या बेटावर असाल का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बॅग भरावी लागणार नाही ना, हे आधी पाहा.

बाली आणि मॉरिशस या दोन्ही जागा सुंदर आहेत. मॉरिशसला तर कोकणातून एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही गणेशोत्सव साजरा करतात, आणि तेथील शाळांतून मराठी शिकवली जाते. मला स्वतःला तिथे एकदा जायचे आहे. मात्र नकाशात डोकावून पाहा. मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याहून अधिक, आणि बाली तर गोव्याच्या दीडपट आहे. अशा ठिकाणी विमानतळावरून समुद्रापर्यंत, आणि एका देवळापासून दुसऱ्या देवळापर्यंत, गाडीतच वेळ जातो. येण्याजाण्याचे दिवस वजा केले, तर आठांतले तुमच्या हाती फार थोडे उरतील. पुढे कधी पंधरवड्याची रजा मिळाली, तर त्यांचा विचार करा.

मालदीवविषयी माझे मत थोडे निराळे आहे. एका बेटावर एकच हॉटेल, ही तिथली रीत विश्रांतीला अगदी अनुकूल आहे, आणि भारतीयांना तिथे उतरल्यावर विनाशुल्क व्हिसा मिळतो. परंतु राजधानी मालेहून पुढे बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने जावे लागते. ही विमाने अंधार पडल्यावर उडत नाहीत, त्यामुळे तुमचे विमान उशिरा पोहोचले, तर पहिली रात्र मालेतच जाते. शिवाय खर्चाचा आकडा पाहून तू जागेवरच हिशेब मांडायला बसशील, हे मी जाणते. गावातल्या साध्या पाहुणघरांत राहण्याची सोयही २००९ नंतर झाली आहे. ती स्वस्त पडते, मात्र तिथे कपड्यांचे स्थानिक नियम पाळावे लागतात, आणि ते मनापासून पाळावेत.

लक्षद्वीपकडे माझी ओढ सर्वांत जास्त आहे. छत्तीस बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, त्यांतली दहाच वसलेली, आणि प्रवाळाच्या कड्याने अडवलेले उथळ, निवांत पाणी. शाळेत फळ्यावर त्या कंकणाकृती बेटांची आकृती काढताना मला दरवेळी आनंद होत असे. पण तिथे जाण्यासाठी परवाना लागतो, राहण्याच्या जागा मोजक्या आहेत, आणि तू विचारते आहेस ते फार उशिरा. पावसाळा जवळ आला, की तिथली जहाजे कमी होत जातात. पुढच्या वर्षी दिवाळीनंतरच्या दिवसांसाठी आतापासून ठरवत असशील, तर मी आनंदाने पाठिंबा देईन.

राहिले अंदमान. त्याबद्दल तुझ्या मनात आढी आहे, आणि ती आमच्यामुळे बसली आहे. मी निवृत्त झाल्यावर बाबा आणि मी एका यात्रा कंपनीबरोबर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे गेलो होतो. नैऋत्य मोसमी पाऊस केरळला साधारण १ जूनला पोहोचतो, पण अंदमानात तो त्याआधीच, २० मेच्या सुमारास येतो, हे मी कित्येक वर्षे मुलांना शिकवत आले होते. तरीही कंपनीच्या माणसाने ‘काही होत नाही, बाई’ म्हटल्यावर मी गप्प बसले, याची मला आजही खंत आहे. सहा दिवसांत सात ठिकाणे दाखवण्याचा त्यांचा बेत होता. रोज पहाटे सामान बांधायचे, बोटीत बसायचे, उतरायचे, पुन्हा बसायचे. चौथ्या दिवशी समुद्र खवळला, बोटी रद्द झाल्या, परतीचे विमान चुकले, आणि बाबांना बोट लागल्यामुळे दोन दिवस पेजेशिवाय काही पोटात ठरले नाही. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडखाली भिजलेल्या बॅगेवर बसलेले बाबा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तो दोष अंदमानचा नव्हता. महिना चुकीचा होता आणि बेत चुकीचा होता, आणि या दोन्ही चुका तुला टाळता येतील.

एप्रिलच्या मध्यावर तिथला समुद्र सहसा शांत असतो, पाणी स्वच्छ असते. उकाडा मात्र आपल्यासारखाच असतो. तुम्ही दोघांनी थेट शहीद द्वीप गाठावे आणि तिथेच किमान चार रात्री राहावे, असे मी सुचवते. जुने नाव नील. शेजारच्या हॅवलॉक बेटाचे स्वराज द्वीप झाले, तेव्हाच म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये याचेही नाव बदलले. स्वराज द्वीपचा राधानगर किनारा अप्रतिम आहे, यात वाद नाही, पण गर्दीही तिकडेच वळते. शहीद द्वीप अवघे चौदा चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने जाता येते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांनी वसवलेले हे शेतीचे गाव आहे, आणि इथली भाजी आसपासच्या बेटांवरही जाते. भातशेती, सुपारी, केळी पाहून तुला डिचोलीची आठवण होईल. जेवणात मोहरीच्या वाटणातले मासे मिळतील. आपल्या हुमणाची चव बाजूला ठेवून ते खाऊन पाहा. पुष्कळ प्रवासी तिथे काही तासांपुरते येतात, सगळे किनारे घाईने पाहतात आणि दुपारच्या बोटीने परत फिरतात. ती बोट गेल्यावर जे बेट उरते, ते तुमचे.

तिथे घड्याळ आपलेच असले, तरी सूर्य आपला नाही, हे ध्यानात ठेव. रेखांशातील फरकामुळे तो आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. म्हणजे एप्रिलमध्ये पहाटे पाचच्या सुमारास उजाडेल आणि साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडालेला असेल. पुण्याच्या सवयीने नऊला उठलात, तर निम्मा दिवस गेला. सूर्योदय बेटावरच्या सीतापूरच्या किनाऱ्यावर पाहावा, सूर्यास्त लक्ष्मणपूरच्या.

भरती-ओहोटीबद्दल मात्र थोडे अधिक लिहिते, कारण याची माहिती नसल्यामुळे अनेक जण तिथून हिरमुसून परततात. भरतपूरच्या किनाऱ्यालगतच प्रवाळ आहे. ओहोटी लागली, की पाणी दूर जाते आणि खडकाळ प्रवाळ उघडे पडते. तेव्हा पोहता येत नाही, आणि त्यावरून चालणे म्हणजे पाय कापून घेणे व प्रवाळही मारणे. उलट लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची खडकाची नैसर्गिक कमान पाहायची, तर ओहोटीच हवी. तुझे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तो ठोकताळा आपल्या किनाऱ्याचा आहे, तिकडे तो लागू पडणार नाही. वेळ तिथल्या मच्छीमारांना किंवा जीवरक्षकांना विचारावी. एवढे मात्र सगळीकडे सारखे, की भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाच्या दिवसांत पाण्याची चढउतार कमी असते, तेव्हा ते दिवस साधता आले तर उत्तम.

वाळूत बारीक माशा असतात, त्यांच्या चाव्याने आठवडाभर खाज सुटते. म्हणून कोरड्या वाळूवर उघड्या अंगाने लोळू नये, चटई न्यावी. अंदमानात मगरी आहेत, त्यामुळे जिथे पाटी लावलेली असेल किंवा जीवरक्षक नको म्हणेल, तिथे गुडघाभर पाण्यातही उतरायचे नाही. याबाबत मी काहीही ऐकून घेणार नाही. शंख किंवा प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. रोख पैसे जवळ असू द्या.

परतताना शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी, ज्याचे नाव आता श्री विजयपुरम झाले आहे. बेटावरून सकाळची बोट पकडून त्याच दिवशीचे विमान गाठण्याचा धोका पत्करू नका. बोट सुटणे समुद्राच्या हाती असते. त्याच मुक्कामात सेल्युलर जेलसाठी एक सकाळ राखून ठेवा. सावरकर तिथे १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे होते. आमच्या त्या फसलेल्या प्रवासात मी एवढीच एक जागा मनासारखी पाहिली, आणि त्या कोठडीच्या उंच झरोक्यातून आत येणारा उजेडाचा पट्टा मी अजून विसरलेले नाही.

निखिलरावांना बोट लागते का, ते विचारून ठेव. लागत असेल, तर सरकारी फेरीची तिकिटे काढा, तिच्यात डेकवर वाऱ्याला उभे राहता येते. रजेच्या नेमक्या तारखा ठरल्या, की आधी मला फोन कर आणि मगच विमानाची तिकिटे काढ. अष्टमी कधी येते, ते मी पंचांगात पाहून सांगते. कोकमे वाळवून ठेवली आहेत, ती बाबांच्या पुण्याच्या फेरीत पाठवते.

तुझी,
आई