मैदानाच्या गेटची किल्ली कुणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कॉलेजांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची धांदल सुरू होते. मंडप, चुना, पंच, पाहुण्यांचे हार, पोरांचं जेवण या सगळ्याची यादी होते. ३१ वर्षं क्रीडा शिक्षक म्हणून अशा याद्या मी स्वतः केल्या आहेत. एखादा खेळाडू मैदानात कोसळला तर कुणी काय करायचं, हे मात्र माझ्या एकाही यादीत नव्हतं. ते का असायला हवं होतं, हे मला एका दुपारी कळलं.

कबड्डीचा उपांत्य सामना होता. चढाईला गेलेला आमचा मुलगा साखळी पकडीत अडकला, उलटा झाला आणि डोक्यावर पडला. मी धावत गेलो. तो शुद्धीवर होता. म्हणाला, "सर, दोन्ही हातांना मुंग्या आल्यात." हे ऐकूनही मी पोरांना सांगितलं, "उचला रे, सावलीत घ्या." एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले. मान तशीच लोंबत होती. प्रथमोपचार पेटीत कापूस, आयोडीन, दुखण्यावरचा स्प्रे आणि वाळून कडक झालेली चिकटपट्टी निघाली. १०८ ची गाडी वेळेत आली, पण मागच्या गेटाला. त्या गेटाला कुलूप, किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला गेलेला. फोन एका विद्यार्थ्याने लावला होता. पलीकडून "यावा गेट री?" (कुठलं गेट?) असं कन्नडमध्ये विचारल्यावर घाबरलेल्या पोराने "ग्राउंडचं गेट" एवढंच सांगितलं होतं. त्यात ना त्या पोराची चूक, ना गाडीवाल्यांची. शेवटी तारेच्या कुंपणावरून स्ट्रेचर आत घ्यावं लागलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "उचलताना मान कुणी धरली होती?" मला उत्तर देता आलं नाही. मणका शाबूत निघाला, तीन महिन्यांनी पोरगा पुन्हा मॅटवर उतरला. त्याचं नशीब थोर. पण तो प्रश्न माझ्या कानातून गेलेला नाही. म्हणून निवृत्तीनंतर मी प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि माझ्या उमेदीच्या काळात मी किती गोष्टी उलट्या करत होतो ते तिथे समजलं.

मानेला मार लागल्याची शंका असेल, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर खेळाडूला हलवायचं नाही. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरायचं आणि मदत येईपर्यंत सोडायचं नाही. सामना थांबला तर थांबू दे. आपल्याकडे येळ्ळूर, कंग्राळीपासून गावोगाव तालमी आहेत, लाल मातीत वाढलेली पोरं कॉलेजच्या संघात येतात. पडलं, झटकलं, उठलं ही त्यांची सवय. तालमीतल्या वस्तादांबद्दल मला आदर आहे. पण निखळलेला खांदा मैदानातच ओढून बसवणं आणि मुरगळलेला घोटा लगेच चोळणं आता बंद व्हायला हवं. खांद्याजवळून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, त्या ओढाताणीत दुखावतात. घोट्याला बर्फ लावावा, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा.

डोक्याला डोकं आपटल्यावर तोंडावर पाणी मारून पोराला परत आत पाठवण्याची रीत तर फारच घातक आहे. तो चालतोय, बोलतोय, म्हणजे ठीक आहे असं नसतं. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय, स्कोअर आठवत नाही, मळमळतंय, उजेड सहन होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी त्याचा खेळ संपला. पुढे कधी खेळायचं ते डॉक्टर ठरवतील. अंतिम सामना आहे, तो एकच चांगला चढाईपटू आहे, ही सबब मीही ऐकून घेतलेली आहे.

हृदय बंद पडण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे मिनिटांचा हिशेब आहे. तरणाबांड खेळाडू कुणाचा धक्का न लागता अचानक कोसळला, हाक मारली तरी ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर हृदय बंद पडलं असंच धरून चालावं. अशा वेळी हातपाय क्षणभर झटके देतात, घशातून घरघर येते. लोकांना वाटतं फिट आली. मग नाकाला कांदा, चप्पल, तोंडात पाणी आणि भोवती पन्नास माणसांचं कडं. त्यात जीव जातो. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहायचं आणि दुसऱ्याने हृदयाला विजेचा शॉक देणारं एईडी यंत्र आणायचं. हे यंत्र बोलून सूचना देतं, गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे भिण्याचं कारण नाही. छाती दाबली नाही, तर शॉकला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ ची गाडी कितीही तत्पर असली तरी खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावी ती पाच मिनिटांत कशी पोचणार? पहिली पाच मिनिटं आपलीच.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये फिनलंडविरुद्धच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन असाच कोसळला. मैदानातच छाती दाबली, शॉक दिला, तो वाचला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये पुन्हा खेळला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला आपल्या कर्नाटकाने ४६ वर्षांचा कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार हृदयविकाराने गमावला. त्यांच्या नावाने राज्य सरकारने २०२३ मध्ये हृदय ज्योती योजना आणली, सार्वजनिक ठिकाणी एईडी बसवणं हा तिचा भाग आहे. स्पर्धांची मैदानं त्या यादीत यावीत, ही मागणी आपल्या आमदारांनी लावून धरावी.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. मुलगी कोसळली की पुरुष शिक्षक, पंच हात लावायला कचरतात आणि बाईमाणूस शोधण्यात वेळ जातो. यावर उपाय एकच, संघातल्या मुलींनाच छाती दाबायला शिकवा. आणि ती शिकलेली मुलगी जवळ नसेल, तर जो असेल त्याने संकोच न करता हात लावावा.

उन्हाचंही तसंच. एप्रिलमध्ये भर दुपारी लांब पल्ल्याचा सराव घेणारे आपल्याकडे आहेत. धावताना मुलगा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी काखेतलं थर्मामीटर फसवतं, त्यावर विसंबू नये. आधी थंड करायचं, मग हलवायचं. मोठ्या टपात बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवावं. टप नसेल तर ताडपत्रीचे चारही काठ धरून तिच्यात पाणी, बर्फ आणि खेळाडू. डोकं वर धरून ठेवायचं. ताडपत्री आपल्या प्रत्येक गावात आहे, बर्फाची लादी सकाळीच आणून ठेवता येते. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू २९ मे २०१८ रोजी सरावात उष्माघाताने ढासळला. त्याला थंड पाण्यात बसवलं नाही, दवाखान्याकडे निघेपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला. १३ जूनला तो वारला आणि विद्यापीठाने जबाबदारी कबूल केली. तिथे पैसा होता, प्रशिक्षित माणसं होती. ऐन वेळी ठरलेलं काम झालं नाही.

आता मुख्य विनंती. राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ या दोघांचीही मुख्यालयं बेळगावात आहेत. दोघांनी ठरवलं तर पुढच्या हंगामापासून हे होऊ शकतं. यजमान कॉलेजने त्या त्या मैदानाची एक पानी लेखी योजना दिल्याशिवाय स्पर्धेला मंजुरी देऊ नये. फोन कोण करणार, खेळाडूजवळ कोण थांबणार, गर्दी कोण हटवणार, गाडी कुठल्या गेटाने येणार, रस्त्यावर उभं राहून तिला कोण वाट दाखवणार, किल्ली कुणाकडे, जवळचा दवाखाना कोणता, एवढं त्यात नावानिशी असावं. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी घड्याळ लावून एकदा खरोखर करून बघावं. कागद फायलीत राहिला तर त्याचा उपयोग नाही.

हे पान कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लावावं. इथे वादाचा प्रश्न नाही. कडोली, उचगावच्या पोराला घाईत कन्नडमध्ये पत्ता सांगताना अडखळायला होतं, म्हणून मैदानाचं नाव, गेट आणि जवळची खूण सांगणारी दोन वाक्यं कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत फोनजवळ लिहून ठेवावीत. पालकांकडून सही घेतात ते संमतीपत्र मात्र त्यांना वाचता येईल अशा भाषेत असावं. कितीतरी आई-वडील न वाचताच अंगठा उठवतात किंवा सही करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलाला लहानपणी कधी चक्कर आली होती का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, दमा आहे का, हे प्रश्न त्यांना त्यांच्या भाषेत विचारले तरच खरी उत्तरं मिळतील.

मी आता मोकळा आहे. बेळगाव, खानापूर परिसरातल्या ज्या कॉलेजला आपल्या खेळाडूंना मान धरायला आणि छाती दाबायला शिकवायचं असेल, तिथे मी कुठल्याही रविवारी स्वखर्चाने येईन. येताना सरावाची बाहुली घेऊन येतो. कॉलेजने फक्त मागचं गेट उघडं ठेवावं.

आपला,
एक निवृत्त क्रीडा शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव