आमचं आम्ही बघू

मिरज, रविवार दुपार

चि. मनू,
सप्रेम जयभीम आणि खूप आशीर्वाद.

गेल्या महिन्यात आलीस तेव्हा व्हिसाच्या कागदांसाठी सगळी ट्रंक उपसलीस आणि माझा जुना पासपोर्ट तुझ्या हाती लागला. कोपरा कापलेला, मस्कतचे शिक्के असलेला. आत हाताने लिहिलेली एक ओळ आहे, की हा पासपोर्ट दक्षिण आफ्रिका सोडून सगळ्या देशांसाठी चालेल. "हे काय गं आई?" म्हणून तू विचारलंस. मी भाकरी थापत होते. म्हटलं, "तेव्हा तसंच असायचं." नर्स म्हणून वॉर्डात तीस वर्षं काढली की अशी उत्तरं तोंडात बसतात. पण तू निघालीस डर्बनला, दोन वर्षांसाठी, आणि ज्या देशाचं नाव माझ्या पासपोर्टात वगळून लिहिलं होतं तिथलाच शिक्का तुझ्या पासपोर्टावर बसणार. फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस. म्हणून लिहिते.

आधी आबांचा कप. तुला तो ऐकून माहीत आहे, पण मी कधी नीट सांगितलेला नाही.

गावात एसटी थांब्यासमोर एक हॉटेल होतं. तिथे आबांचा कप वेगळा. पांढरा, कान तुटलेला, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. आबा तो स्वतः काढायचे, बादलीतल्या पाण्यानं विसळायचे आणि पुढे धरायचे. हॉटेलवाला किटली हातभर वर धरून चहा ओतायचा, म्हणजे किटलीचं तोंड कपाला लागायला नको. थोडा चहा बोटांवर सांडायचाच. पैसे हातात द्यायचे नाहीत, फळीवर ठेवायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. अस्पृश्यता घटनेनं बंद होऊन तोवर वीस वर्षं होत आली होती.

आणि मामलेदाराची जीप गावात आली की कप आत जायचा! त्या दिवशी आबांना सगळ्यांसारखा काचेच्या ग्लासात चहा. आबा घरी येऊन हसत म्हणायचे, "सायब रोज यायला पायजे." एकदा एका नव्या ग्रामसेवकानं त्या कपाबद्दल विचारलंच, तर हॉटेलवाला आणि बाकावर बसलेली चार माणसं एका सुरात म्हणाली, "आमच्या गावचं आमचं आम्ही बघू."

मनू, दक्षिण आफ्रिकेची सगळी लढाई मला या एका वाक्यावरून कळली. पुस्तकं नंतर वाचली.

१९४६ साली तिकडच्या सरकारनं एक कायदा केला. हिंदी, म्हणजे मूळच्या भारतातल्या, लोकांनी जमीन कुठे घ्यायची आणि कुठे राहायचं, हे गोरे ठरवणार. लोक त्याला 'घेट्टो ॲक्ट' म्हणत. डर्बनमध्ये गेल स्ट्रीट आणि उंबिलो रोडच्या कोपऱ्यावर नगरपालिकेची मोकळी जागा होती, ती गोऱ्यांसाठी राखीव. तिथे सत्याग्रह्यांनी तंबू ठोकले. गोऱ्या पोरांनी तंबू फाडले, माणसांना मारलं, तरी रोज नवे लोक येऊन बसत. दोन वर्षांत सुमारे दोन हजार जण तुरुंगात गेले, त्यांत बायकाही होत्या. पुढारी दोघेही डॉक्टर होते, मॉन्टी नायकर आणि युसुफ दादू. हे मला उगीचच बरं वाटतं, आपल्या पेशातले म्हणून.

भारतानं ते प्रकरण उचललं आणि युनोत नेलं. तेव्हा आपण स्वतंत्रही नव्हतो. त्याच वर्षी जुलैत व्यापारही बंद केला. आपल्या निर्यातीतला ५.५ टक्क्यांच्या आसपास माल तिकडे जायचा, तागाची पोती मोठ्या प्रमाणात, ती थांबली. आपला हाय कमिशनरही परत बोलावला. गरीब देशानं स्वतःचं गिऱ्हाईक सोडून हे केलं. नंतर श्रीमंत देशांना निर्बंधांबद्दल विचारलं की ते खर्चाचा हिशोब मांडत, तेव्हा मला ती पोती आठवतात.

न्यूयॉर्कला विजयालक्ष्मी पंडित उभ्या राहिल्या. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. गंमत म्हणजे युनोच्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यात याच माणसाचा हात होता, त्यात माणसाच्या मूलभूत हक्कांची भाषा आहे. आणि तोच म्हणाला, की आमच्या देशात आम्ही कुणाला कसं वागवतो ही आमची अंतर्गत बाब आहे, सनदेनुसार युनोला त्यात पडता येत नाही. हॉटेलातल्या बाकावरचंच वाक्य, फक्त कोट घातलेलं. ८ डिसेंबर १९४६ ला मतदान झालं, ३२ विरुद्ध १५, सात तटस्थ. दोन तृतीयांश हवे होते, मिळाले. ठरावात काही दम नव्हता म्हण, हिंदी लोकांना दोन्ही सरकारांमधल्या करारांना आणि सनदेला धरून वागवा आणि काय केलं ते पुढच्या अधिवेशनात कळवा एवढंच. पण एखाद्या देशानं आपल्याच माणसांना कसं वागवलं याबद्दल बाहेरच्यांनी जाब विचारायचा, ही वाट तिथून पडली.

त्याच वेळी तिकडच्या माणसांनी उलट बोटही दाखवलं. तुमच्या जातीपातीचं काय? आम्हाला शिकवायला येता, आधी आपलं घर बघा.

हे वाचलं तेव्हा मी थांबले. कारण आपल्या घरापुरतं बोलायचं तर ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा हेतू वाईट होता, आबांची त्यांना काही पडलेली नव्हती, पण कप होताच ना कोनाड्यात. आणि त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे पुढारी डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या निग्रोंनी युनोकडे अर्ज केलाय असं कळलं, त्याच्या दोन-तीन प्रती पाठवा, आम्ही अस्पृश्यही तसा विचार करतोय. म्हणजे एकाच वर्षी आपला देश दुसऱ्याची तक्रार घेऊन त्या दारात उभा, आणि आपलेच बाबासाहेब आपल्या देशाची तक्रार त्याच दारात न्यायची कशी हे विचारतायत. मला दोन्ही गोष्टी बरोबर वाटतात. तुझे पप्पा म्हणतात, असं दोन्हीकडून बोलता येत नाही. येतं.

पुढची चाळीस वर्षं तू वाचून घेशील. मी फक्त मनात राहिलेलं सांगते.

दाब आला की आतले आधी घट्ट होतात. १९४८ ला स्मट्स हरले आणि त्यांच्याहून कडवे आले. माणसांची वर्णावर नोंद, वस्त्यांची वाटणी, सगळं कायद्यात. केसांत पेन्सिल खोचायची, अडकली तर काळा, पडली तर गोरा! अशा रीतीनं सख्खी भावंडं वेगळ्या रांगेत गेली. १९६० ला शार्पव्हिलला पोलिसांनी गोळ्या घालून ६९ माणसं मारली. दुसऱ्या वर्षी दक्षिण आफ्रिका राष्ट्रकुलातून बाहेर पडली. १९६२ ला युनोच्या आमसभेनं निर्बंध घाला म्हणून ठराव केला आणि एक खास समिती नेमली. तिची अर्जविनंत्यांची, अहवालांची कंटाळवाणी कामं वर्षानुवर्षं ई. एस. रेड्डी नावाच्या आपल्याकडच्या एका अधिकाऱ्यानं रेटली. अशी माणसं मला आवडतात. ड्रेसिंग रोज बदलावं लागतं, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

मोठे देश मात्र हात झटकत राहिले. १९७४ ला दक्षिण आफ्रिकेला युनोतून काढायचा प्रस्ताव आला, तर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स तिघांनी नकाराधिकार वापरला. शस्त्रबंदी सक्तीची व्हायला १९७७ उजाडलं. 'निर्बंधांनी काळ्यांचंच पोट मारलं जाईल' हा त्यांचा लाडका मुद्दा. गरिबाची इतकी काळजी एरवी कधी दिसली नाही. याला उत्तर डर्बनजवळच राहणाऱ्या, काळ्यांचे पुढारी असलेल्या लुथुलींनी आधीच देऊन ठेवलं होतं. बहिष्काराची हाक देताना ते म्हणाले होते, की त्रास आमच्या लोकांनाही होईल, पण रक्तपाताचे दिवस कमी होणार असतील तर ती किंमत द्यायला आम्ही तयार आहोत. ज्याला चटका बसणार तोच सांगत असेल, तर आपण त्याच्या वतीनं कण्हायचं कारण नाही.

१९७४ ला टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत भारत पोचला आणि समोर दक्षिण आफ्रिका आली. आपण खेळलोच नाही. कप त्यांना गेला. विजय अमृतराजच्या ऐन उमेदीची वर्षं होती ती. असे कप सोडणंही निर्बंधातच येतं, आणि ते बाहेरून दिसतं त्यापेक्षा खेळाडूला जास्त लागत असणार.

१५ ऑगस्ट १९८५ ला, मी मस्कतला जायच्या खटपटीत होते तेव्हाच, त्यांचे अध्यक्ष बोथा डर्बनच्या सिटी हॉलमध्ये भाषणाला उभे राहिले. आता हा काहीतरी सैल सोडणार म्हणून जग कान लावून बसलेलं. तो म्हणाला, आम्हाला फार ढकलू नका. झालं! अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेनं आधीच कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला होता, आता त्यांचं चलन रँड कोसळलं आणि महिन्याअखेरीस परदेशी कर्जाची फेड थांबवायची वेळ आली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या संसदेनं अध्यक्ष रेगन यांचा नकार डावलून निर्बंधांचा कायदा केला. ठरावांनी जे झालं नव्हतं ते बँकांनी केलं असं म्हणणारे पुष्कळ. मला वाटतं, बँकांना एकदम माणुसकी सुचली नव्हती. आतल्या लोकांनी वस्त्या पेटत्या ठेवल्या, बाहेरच्यांनी नाव खराब करून ठेवलं, म्हणून त्यांना तिथला पैसा बुडीत दिसायला लागला. जीप रोज यायला लागली होती.

मस्कतमध्ये मी होते तिथे एकाच वॉर्डात एकाच कामाला पासपोर्ट बघून पगार मिळायचा. गोऱ्या सिस्टरला एक, आम्हाला दुसरा, त्याच रात्रपाळीला. त्याच पासपोर्टात वर्णभेदाविरुद्धची ती ओळ! केरळच्या पोरी आणि मी यावरून खूप हसायचो. जाब विचारायची कुणाची हिंमत नव्हती, पैसे घरी पाठवायचे होते.

१९९१ च्या नोव्हेंबरात मी सुट्टीवर घरी होते. कलकत्त्याला ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेचा संघ आला, बंदीनंतरचा त्यांचा पहिला सामना. त्यांना परत घ्यायचा ठराव भारतानंच मांडला होता. सगळी गल्ली टीव्हीसमोर. डोनल्ड आग ओकत होता, सचिननं ६२ काढले, आणि आपला प्रवीण आमरे पदार्पणात ५५. आबा म्हणाले, "आता त्यांची काळी माणसं मत देत्यात का?" नव्हती देत अजून. मत मिळालं १९९४ च्या एप्रिलमध्ये. आबांना तो सामना मनापासून बघवला नाही, उठून अंगणात गेले. घाई झाली असं त्यांना वाटलं. मंडेलांच्या पक्षाचाही होकार होता, असं मी सांगितलं, तर म्हणाले, "मग त्यास्नी कळतंय." वर्षभरानं डर्बनलाच आमरेनं पहिल्या कसोटीत शतक मारलं, तो मात्र त्यांनी रेडिओवर ऐकला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते.

२००१ मध्ये वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली, ती डर्बनलाच. आपले कार्यकर्ते तिथे गेले. एवढंच मागणं होतं, की जन्मावरून होणाऱ्या भेदभावात जातही धरा, घोषणापत्रात एक परिच्छेद घाला. आपल्या सरकारची भूमिका काय होती माहीत आहे? जात म्हणजे वंश नव्हे, आणि हा आमच्या देशातला प्रश्न आहे, आमची घटना आहे, आमचे कायदे आहेत, बाहेरच्यांनी पडू नये. परिच्छेद गळला. पंचावन्न वर्षांपूर्वी ज्या वाक्याविरुद्ध आपण ३२ मतं गोळा केली, तेच वाक्य घेऊन आपण त्याच डर्बनमध्ये उभे. आणि वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या करारात वंशाबरोबर जन्माची परंपरा हा शब्द आला तो भारताच्याच सूचनेवरून!

वंश आणि जात एक नाहीत, हे मलाही कळतं. त्यावर विद्वान लोक भांडोत. पण किटली हातभर वर धरणाऱ्याला तो फरक माहीत नव्हता.

त्या वर्षी आबा थकले होते. मी त्यांना पेपर वाचून दाखवला. बराच वेळ गप्प बसले, मग विचारलं, "सायब आला न्हाई म्हणायचं?"

डर्बनला तुला चौपाटीवर सगळे एकत्र पोहताना दिसतील. १९८९ पर्यंत तिथे पाटी होती, ही जागा फक्त गोऱ्या वंशाच्या लोकांसाठी, इंग्रजी, आफ्रिकान्स आणि झुलू तिन्ही भाषांत. उंबिलो रोडचा तो कोपरा मात्र शोध. गेल स्ट्रीटचं नाव बदललंय, आता मगवाझा मफलाला स्ट्रीट म्हणतात. तिथले हिंदी लोक जेवायला बोलावतील, जा. कुणी पहिल्याच भेटीत आडनाव खोदून विचारलं तर चिडू नकोस आणि लपवूही नकोस.

चटणीचे दोन डबे वेगवेगळ्या पिशव्यांत दिलेत, तेल सुटतं. गरम कपडे जून-जुलैपुरते. आणि विमानतळावर शिक्का मारला की त्या पानाचा फोटो आधी मला पाठव. माझा पासपोर्ट मी ट्रंकेत परत ठेवलेला नाही, टेबलावरच आहे.

तुझी,
आई