जनुकशोधातील निरोगी माणसाचा वाटा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जनुकशास्त्राविषयी आपल्या दैनिकात येणाऱ्या बातम्या मी आवर्जून वाचतो. त्यांचा एक साचा ठरून गेला आहे. एखाद्या आजाराचे रुग्ण असतात, त्यांच्या जनुकातला बिघाड सापडतो आणि औषध लवकरच येईल अशी आशा व्यक्त होते. या बातम्या खोट्या नसतात. मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या संशोधनातून प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोहोचलेल्या काही महत्त्वाच्या औषधांचा माग काढत गेले, तर तो आजारी माणसापाशी थांबत नाही. ज्याला तो आजार व्हायला हवा होता पण झाला नाही, किंवा फारच सौम्य झाला, अशा माणसापर्यंत जातो. हा भाग बातम्यांत जवळजवळ येतच नाही, म्हणून हे पत्र.

माणसाचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, वाचून काढणारा मानवी जीनोम प्रकल्प 1990 साली सुरू झाला आणि 2003 मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तरी सुमारे आठ टक्के भाग वाचायचा राहिला होता. तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या डीएनएतील सुमारे तीन अब्ज अक्षरे आता वाचता येतात आणि त्यांत प्रथिने घडवणारी जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत, हेही ठाऊक झाले आहे. पण एकट्या माणसाचा जीनोम वाचून फारसे काही कळत नाही. कोणत्या अक्षराने काय बिघडते आणि कोणत्या अक्षराने काहीच बिघडत नाही, हे हजारो माणसे शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसू लागते.

पीसीएसके-9 या जनुकाची कथा या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखी आहे. काही फ्रेंच कुटुंबांत कोलेस्टेरॉल पिढ्यानपिढ्या फार वाढलेले असे आणि हृदयविकार ऐन उमेदीत गाठत असे. 2003 साली पॅरिसमधील संशोधकांना त्यांच्या या जनुकात बदल आढळला. यकृतपेशींच्या पृष्ठभागावर काही रिसेप्टर असतात. ते रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा कण पकडून पेशीच्या आत नेतात, तिथे सोडतात आणि पुढचा कण पकडायला पुन्हा वर येतात. पीसीएसके-9 हे प्रथिन चिकटलेला रिसेप्टर मात्र परत वर येत नाही, पेशीच्या आतच मोडीत निघतो. या कुटुंबांत ते प्रथिन गरजेपेक्षा जास्त जोमाने काम करत होते, त्यामुळे रिसेप्टर कमी पडत आणि एलडीएल रक्तातच साचून राहत असे. इथवरची कथा नेहमीच्याच साच्यातली आहे. पण अमेरिकेत डॅलस येथे हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी तपासाची दिशा उलटी केली. ज्यांचे एलडीएल विलक्षण कमी आहे अशा धडधाकट माणसांत हे जनुक कसे असते, हे त्यांनी पाहिले. 2005 मध्ये त्यांना आढळले की कृष्णवर्णीय सहभागींपैकी सुमारे दोन टक्के जणांत या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याची आकडेवारी प्रसिद्ध केली. अशा कृष्णवर्णीय व्यक्तींचे एलडीएल 28 टक्क्यांनी कमी होते आणि हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका तब्बल 88 टक्क्यांनी कमी होता. त्याच सुमारास, जिच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी आहेत अशी एक तरुण स्त्री सापडली. तिचे एलडीएल डेसिलिटरमागे अवघे 14 मिलिग्रॅम होते आणि प्रकृती ठणठणीत होती.

औषध बनवणाऱ्याला याहून अधिक दिलासा देणारी माहिती कोणती असू शकेल? एखादे प्रथिन आयुष्यभर बंद राहिले तरी अपाय होत नाही, उलट फायदा होतो, हा प्रयोग निसर्गाने आधीच करून ठेवला होता. त्या प्रथिनाला अडवणारी दोन औषधे 2015 मध्ये मंजूर झाली. त्याच जनुकाचा संदेश यकृतातच थोपवणारे आणि सुरुवातीचे डोस झाल्यावर वर्षातून दोनदाच टोचावे लागणारे औषधही नंतर आले. जनुकाचा शोध लागल्यापासून औषध बाजारात येईपर्यंतची बारा वर्षे आपल्याला मोठी वाटतात, पण या क्षेत्रात ती विलक्षण वेगाची मानली जातात.

सिकलसेलच्या बाबतीत वाट बरीच लांबली, पण निरोगी माणसे तिथेही वाटेत भेटतात. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एकच अक्षर बदलते. ‘ए’च्या जागी ‘टी’ येते आणि त्यामुळे ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्येच निरीक्षण नोंदवले होते की नवजात अर्भकांना या आजाराचा त्रास होत नाही, आणि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्यांचे रक्षण करत असावे. काही माणसांत हे हिमोग्लोबिन मोठेपणीही बरेच टिकून राहते. ते कशामुळे टिकते, याचा धागा 2007 आणि 2008 मध्ये मिळाला, तो प्रामुख्याने ब्रिटनमधील निरोगी जुळ्यांच्या आणि सार्डिनिया बेटावरील सर्वसामान्य रहिवाशांच्या तपासणीतून. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करणारी कळ बीसीएल-11ए या जनुकात होती. डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने नेमकी ती कळ कापणारी उपचारपद्धती 2023 च्या अखेरीस आधी ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने मंजूर केली. या उपचारात मूळ दोष तसाच राहतो; त्याला बगल देणारी निरोगी शरीरातली व्यवस्था रुग्णात उभी केली जाते. अर्थात, त्याआधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते, अनेक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात आणि अमेरिकेतील जाहीर किंमत 22 लाख डॉलर आहे. या आजाराचे बहुसंख्य रुग्ण ज्या देशांत राहतात तिथे हा आकडा उच्चारणेसुद्धा क्रूरपणाचे वाटते.

एचआयव्हीचा वारंवार संपर्क येऊनही ज्यांना संसर्ग झाला नाही, अशा काही माणसांत 1996 मध्ये, या विषाणूला पेशीत शिरायला ज्याच्या प्रथिनाचा आधार लागतो त्या सीसीआर-5 जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी आढळल्या आणि त्यावरून सुचलेले औषध 2007 मध्ये आले. प्रत्येक वेळी मात्र असे जुळून येत नाही, हेही लिहिले पाहिजे. उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांत वेदनाच न जाणवणारी माणसे सापडली. एससीएन-9ए जनुक निकामी असल्याने असे होते, हे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वेदनाशामक औषधांचे नवे युग दारात आल्यासारखे लिखाण झाले. त्या जनुकाच्या प्रथिनावर बेतलेली औषधे चाचण्यांत एकामागून एक अपयशी ठरली. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेत मंजूर झालेले औषध त्याच घराण्यातल्या दुसऱ्या प्रथिनावर काम करते.

औषधांइतकेच, माझ्या मते कदाचित थोडे अधिकच, निरोगी माणसांचे महत्त्व निदानात आहे. 2016 साली 60,706 व्यक्तींच्या जनुकांतील प्रथिने घडवणारा भाग एकत्र तपासून ती माहिती सर्वांसाठी खुली करण्यात आली. त्यातून निघालेला निष्कर्ष वैद्यकाला अवघडून टाकणारा होता. वैद्यकीय साहित्यात रोगकारक म्हणून नोंदलेले सरासरी पन्नासहून अधिक बदल प्रत्येक सहभागी व्यक्तीत आढळले. मग संशयास्पद अशा 192 बदलांचे पुरावे एकेक करून तपासले गेले, तेव्हा फक्त नऊ बदलांना रोगकारक म्हणण्याइतका आधार उरला. एखाद्या रुग्णात विरळ बदल दिसला, तो इतर कुणात पाहिलेला नव्हता, म्हणून तोच दोषी ठरवण्यात आला, असे बऱ्याचदा घडले होते. त्याच वर्षी हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक विकाराबाबत असेच उघड झाले. ज्या बदलांच्या आधारे काही कृष्णवर्णीय रुग्णांना सदोष जनुकाचा अहवाल मिळाला होता, ते बदल कृष्णवर्णीयांमध्ये सर्रास आढळणारे आणि निरुपद्रवी होते. मूळ अभ्यासांत तुलनेसाठी थोडी कृष्णवर्णीय माणसे घेतली असती तरी ही चूक टळली असती, असे संशोधकांनी आकडेमोडीने दाखवले. असा चुकीचा अहवाल एका रुग्णापुरता राहत नाही. त्याच्या भावंडांची आणि मुलांचीही तीच चाचणी होते. ज्यांच्यात तो बदल नसतो त्यांना तुम्ही सुरक्षित आहात असे सांगितले जाते, आणि खरा दोष दुसरीकडेच असेल तर त्यांच्यावर लक्ष ठेवायचे राहून जाते.

म्हणूनच कोणत्या लोकसमूहांचे जीनोम वाचले जातात, हा मुद्दा सामाजिक न्यायापुरता मर्यादित ठेवू नये, असे मला वाटते. आजार आणि जनुके यांचा संबंध शोधणाऱ्या मोठ्या अभ्यासांतील चार पंचमांश किंवा त्याहूनही अधिक सहभागी युरोपीय वंशाचे असतात. डॅलसच्या अभ्यासात कृष्णवर्णीयांना मुद्दाम मोठ्या संख्येने सामील करून घेतले होते. तसे केले नसते तर पीसीएसके-9 चे ते निकामी रूप तिथे कुणाच्या नजरेस पडले नसते, कारण युरोपीय वंशाच्या लोकांत ते अत्यंत विरळ आहे. त्या शोधातून आलेले औषध आज सर्व वंशांचे रुग्ण घेतात. अशा अभ्यासांबाहेर राहिलेल्या समूहांत आणखी काय दडले असेल, हे तिथे पाहिल्याखेरीज समजणार नाही.

आता अडचणीचा भाग. ज्याला काहीच झालेले नाही अशा माणसाने आपले रक्त आणि आपला जीनोम का द्यावा? युके बायोबँक या ब्रिटनमधील आरोग्य संशोधनासाठीच्या संग्रहात पाच लाख स्वयंसेवकांनी तो दिला, आणि आपापले जनुकीय निष्कर्ष वैयक्तिकरीत्या कळवले जाणार नाहीत हे ठाऊक असताना दिला. असा विश्वास सगळीकडे गृहीत धरता येत नाही. अमेरिकेने 2008 मध्ये कायदा करून आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली, पण आयुर्विमा त्यातून वगळला. शिवाय जीनोम एकट्याचा नसतोच. कर्करोगाने मरण पावलेल्या अमेरिकी महिला हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या ‘हीला’ पेशींचा जीनोम 2013 मध्ये त्यांच्या वारसांना न विचारता प्रसिद्ध झाला. पुढे तो मागे घ्यावा लागला आणि ती माहिती कुणाला पाहता यावी हे ठरवण्यात कुटुंबाला स्थान मिळाले. हेन्रिएटा यांच्या मृत्यूला तेव्हा साठ वर्षे उलटून गेली होती. प्रश्न हयात नातवंडांचा होता.

आपल्या वार्ताहरांना माझी एक विनंती आहे. जनुकशास्त्रातील नव्या शोधाची बातमी देताना, तुलनेसाठी निरोगी माणसे किती होती आणि ती कोणत्या लोकसमूहांतली होती, हे दोन तपशील मूळ शोधनिबंधातून काढून द्यावेत. शोधनिबंधात ते बहुधा पद्धतीच्या भागात दिलेले असतात. बातमीत त्यांना एक वाक्य पुरेल, आणि ते तपशील मूळ निबंधातच नसतील तर तसेही त्या एका वाक्यात सांगता येईल.

आपला,
एक नियमित वाचक