गॅलरीत उमेदवार आला तर

डोंबिवली,
४ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर स्वारी भलतीच खुशीत होती. मुंबई पालिकेच्या निवडणुकीतला उमेदवार चाळीच्या गॅलरीत येऊन गेला ना! "बीडीडीसारखं पाचशे फुटांचं घर देतो म्हणाला!" मागून आईचं चाललं होतं, "आधी मोरीचा पाइप बदल म्हणावं."

वरळीच्या बीडीडी चाळींत ऑगस्टमध्ये ५५६ जणांना किल्ल्या मिळाल्या, तेव्हा मलाही भरून आलं होतं. १६० फुटांतून एकदम ५००! पण त्या चाळी सरकारी, काम म्हाडाचं. आपल्या चाळीला मालक आहे, आपण पागडीवाले, म्हणजे मालकाला पागडी देऊन राहिलेले जुने भाडेकरू, इमारत उपकरातली (सेस भरणारी जुनी). आपल्याला विकास नियमावलीतला ३३(७) हा पुनर्विकासाचा नियम लागू होतो. त्यात किमान ३०० फूट, वर काय मिळेल ते बिल्डरशी घासाघीस करून. ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, म्हणजे खरी ताकद तुमच्याच सह्यांत आहे. नियम राज्य सरकार करतं. नगरसेवक ५०० फूट आणणार कुठून? आणि त्याचं ते करमाफीचं आश्वासन देणारं पत्रक केराच्या टोपलीत टाका. मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफच आहे.

पालिकेच्या हातात काय असतं ते मामाला विचारा. नव्या इमारतीत राहायला जाऊन सहा वर्षं झाली, अजून ओसी (राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र) नाही. पाणी चढ्या दराने. नकाशे मंजूर करणं, ओसी देणं, हे पालिकेचं काम. तिथे नगरसेवक मागे लागला तर फरक पडतो. तेव्हा गॅलरीत येईल त्याला एवढंच विचारा: चाळ पाडल्यावर बिल्डरने भाडं थकवलं तर तुम्ही कोणाच्या बाजूने बोलणार? मागच्या गल्लीतल्या लोकांचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

बाबा, रागावू नका, पण तुमच्या त्या उमेदवाराचं शपथपत्र मी वाचलं. व्यवसाय: बांधकाम. त्यात गुन्हा काही नाही. पण आपला करार होईल तेव्हा तो टेबलाच्या कुठल्या बाजूला बसेल?

ती दुसरी उमेदवार बाई "घर देणं माझ्या हातात नाही" म्हणाली, म्हणून तुम्ही तिला नापास केलंत. मला तर तेवढंच एक वाक्य खरं वाटलं. अर्थात नुसतं खरं बोलून भागत नाही. गेल्या पावसाळ्यात जिन्याचा टेकू सुटला तेव्हा ती आली होती का, हे आईला आठवत असेल. आई, तू कोणाला देणार ते सांगणार नाहीसच, माहितेय.

माझं मतदान इथे डोंबिवलीत. आमच्याकडे पॅनेल पद्धत, म्हणजे एका प्रभागात अनेक नगरसेवक निवडायचे, तुमच्यासारखं एका बटणावर सुटका नाही. १४ ला संक्रांतीला येते, रात्रीच परत निघेन. बाबा, १५ ला मतदानाला जिना उतरताना गुडघ्याचा पट्टा बांधा. गुळाची पोळी दोनच, आईला सांगून ठेवते.

तुमची,
मनू