पॉन्स-ब्रुक्सचा फोटो आणि तुझ्याकडचं ग्रहण

पुणे, 3 एप्रिल 2024

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

मिळाला रे, 12पी पॉन्स-ब्रुक्स धूमकेतू! रविवारी, 31 मार्चला, नाणेघाटाच्या पठारावरून. फोटो सोबत आहे, मोठा करून बघ. तो ठळक तारा म्हणजे मेषेतला हमाल.

सगळं घाईचं काम. पुरता अंधार पडेपर्यंत धूमकेतू पश्चिमेला इतका खाली गेलेला असतो की तासाभरात आटोपावं लागतं. त्यात खाली कल्याण-मुंबईचा उजेड. 80 मिमीची दुर्बीण, एकेका मिनिटाचं एक्स्पोजर. हा गडी दिवसाला अंशभराहून जास्त सरकतो, म्हणजे मिनिटाला साधारण तीन आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). माझ्या कॅमेऱ्यावर दोन पिक्सेल. याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की धूमकेतूचं डोकं लांबट होतं. मग घरी सगळ्या फ्रेम दोनदा एकावर एक रचायच्या, एकदा तारे जुळवून, एकदा डोकं जुळवून, आणि दोन्ही एकत्र आणायच्या.

एका फ्रेममध्ये करड्या आभाळावर हिरवट पुसट डाग, बस. पण फ्रेम चढत गेल्या तशी शेपूट बाहेर आली, धाग्याधाग्यांची, मध्येच पिळवटलेली. सौरवात, म्हणजे सूर्यातून सुटणारा कणांचा झोत, तिला कसा झोडपतो ते दिसतं! डोकं हिरवं ते द्विअणू कार्बनमुळे. उन्हात ते रेणू शेपटीत पोचायच्या आतच तुटतात, म्हणून शेपूट हिरवी होत नाही. तिचा निळा रंग कार्बन मोनॉक्साइडच्या आयनांचा.

गेल्या जुलैत उद्रेक होऊन तो शंभरेक पट उजळला, तेव्हा बातम्यांत 'सैतान धूमकेतू' म्हणायला लागले. मला ते नाव मुळीच आवडत नाही. 1812 मध्ये पॉन्सला आणि 1883 मध्ये ब्रुक्सला सापडलेला हा, 71 वर्षांनी परत येणारा पाहुणा. 1954 च्या खेपेला बाबा पाळण्यात होते. यंदा हट्टाने घाटावर आले आणि दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ हललेच नाहीत. पुढची खेप 2095 ची.

आता तुझी पाळी. 8 तारखेला डॅलसला खग्रास सूर्यग्रहण, जवळजवळ चार मिनिटं. सूर्याच्या डावीकडे वर गुरू दिसेल; त्याच्या जवळच, सूर्याच्या बाजूला हा धूमकेतू. नुसत्या डोळ्यांनी अवघडच, बायनॉक्युलर ठेव. मात्र ती खग्रास सुरू असतानाच, आणि सूर्याची कडा उघडायच्या आत खाली! कॅमेरा ट्रायपॉडवर रुंद लेन्स लावून आपोआप चालू दे, तू मान वर ठेव.

आमच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असेल, तरी लगेच फोन कर. बाबाही जागे राहणार आहेत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विश्वास